मांजराचा पाय काढावा लागला तर: बिल, रजा आणि मनाची तयारी

मांजराचा पाय काढावा लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं की मनात पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा, आणि तो ओठांवर आणताना माणूस ओशाळतो. ओशाळू नका. खर्च नीट विचारणं हा त्या जिवाच्या काळजीचाच भाग आहे. मात्र दवाखान्यातून मिळणारा आकडा ऑपरेशनचा असतो. पुढच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब कोणी मांडून देत नाही, आणि माणसं खचतात ती नेमकी तिथे. झोप झालेली नसते, कामात लक्ष लागत नाही, मनात अपराधी भावना असते, आणि तोवर हातातले पैसेही संपलेले असतात. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं असं की ऑपरेशनला जेवढी रक्कम लागणार असेल तिच्या साधारण एक तृतीयांश रक्कम आधीच वेगळी काढून ठेवा. त्यातला मोठा वाटा मांजराच्या वेदनाशामकांवर आणि तुमच्या झोपेवर जाऊ द्या.

ऑपरेशनचा आकडा

मुंबई-पुण्यातल्या खासगी दवाखान्यांत पाय काढण्याच्या ऑपरेशनला, भूल धरून, ढोबळमानाने १५,००० ते ४०,००० रुपये धरून चालावं. त्याआधी तपासणी फी ३०० ते १,०००, एक्स-रे दर फोटोला ५०० ते १,५००, रक्ताच्या तपासण्या १,००० ते २,५००, आणि अ‍ॅडमिट ठेवलं तर दिवसाला ५०० ते २,५०० रुपये. गाठ असेल तर काढलेला भाग बायॉप्सीला पाठवतात, त्याचे वेगळे दोनेक हजार. लहान शहरांत हे आकडे खाली येतात. हे सगळे अंदाज आहेत. तुमच्या दवाखान्याकडून लेखी अंदाजपत्रक घ्या आणि त्यात भूल, औषधं, अ‍ॅडमिट ठेवण्याचे दिवस, कॉलर, टाके काढणं आणि पुढच्या तपासण्या धरल्या आहेत का, ते एकेक करून विचारा. ऐनवेळी वाढणारी रक्कम बहुतेक याच बाबींची असते.

पशुवैद्यकीय दवाखान्याच्या उपचारसेवेला जीएसटी माफ आहे, हे लक्षात असू द्या. औषधं आणि खाद्यपदार्थांवर कर लागतो, पण ऑपरेशनच्या फीवर लावलेला दिसला तर जरूर विचारा.

हा खर्च झेपणार नसेल तर पशुवैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं हा भक्कम पर्याय आहे. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासूनचं, आणि बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालयही तिथेच. पुणे-सातारकरांना शिरवळ जवळ. नागपूर, परभणी, उदगीर इथेही महाविद्यालयं आहेत. इथल्या फी खासगीच्या मानाने पुष्कळच कमी. गर्दी असते, ताटकळावं लागतं आणि काही औषधं किंवा साहित्य बाहेरून आणून द्यावं लागू शकतं, पण शस्त्रक्रियेचा हात रोज चालणारा असतो. मांजर घाबरट असेल तर सकाळी लवकर जा, पिंजऱ्यावर चादर टाका आणि कुत्र्यांच्या रांगेपासून लांब बसा.

मांजरांच्या विम्याबद्दल एवढंच सांगते की तो अपघातानंतर काढून उपयोग नाही. आधीपासूनची दुखापत कोणी भरून देत नाही.

"पैशांपायी पाय काढला का आम्ही?"

हा प्रश्न मी अनेक घरांतून ऐकला आहे आणि त्यावर थांबून बोलायला हवं. उंचावरून पडलेल्या किंवा गाडीखाली आलेल्या मांजराचं हाड अनेकदा जोडता येतं. प्लेट, पिना, बाहेरून लावलेली चौकट. हे करायला पाय काढण्यापेक्षा जास्त खर्च येतो, पुन्हा पुन्हा भूल द्यावी लागू शकते, आणि कित्येक आठवडे पिंजऱ्यात राहावं लागतं. तेव्हा घरच्यांनी स्वस्त पर्याय निवडला तर ती बोच मनात राहते.

डॉक्टरांना थेट विचारा: "पैशांचा प्रश्न नसता तर तुम्ही काय केलं असतं?" उत्तर ऐकल्यावर निर्णय घ्या. पुढच्या पायाच्या नसा खांद्याशी तुटल्या असतील, पाय लोळागोळा होऊन फरफटत असेल आणि बोटांना संवेदना नसेल, तर हाड जोडूनही तो पाय परत येत नाही. फरफटून जखमा होतात, जंतुसंसर्ग होतो, मांजर तो पाय चावू लागतं. हाडाचा चुरा झाला असेल, मांस सडलं असेल किंवा इंजेक्शनच्या जागी होणाऱ्या कॅन्सरसारखी गाठ असेल, तरी तेच. अशा वेळी पाय काढणं हाच मुळात बरा उपचार असतो. आणि हाड जोडता येण्यासारखं होतं पण तुमच्याकडे तेवढी रक्कम नव्हती, तरीही तुम्ही त्या जनावराला दुखण्यातून सोडवलं आहे. मांजर हलकं असतं, अंगाने लवचीक असतं, आणि बहुतेक मांजरं काही दिवसांत तीन पायांवर उभी राहतात, काही आठवड्यांत घरभर फिरतात. मागचा पाय गेलेल्यांना उडी जड जाते, पुढचा गेलेल्यांना उतरणं.

दुसरी बोच घरातल्या घरात असते. खिडकी कोणी उघडी ठेवली? गाडी काढण्यापूर्वी बॉनेटवर थाप का नाही मारली? (पावसाळ्यात आणि थंडीत मांजरं उबेला इंजिनात शिरतात, त्यांचे पाय अशाने जातात.) नवरा-बायको, आई-मुलगी यांच्यात या प्रश्नावरून जे बोललं जातं ते नंतर विसरता येत नाही. टाके निघेपर्यंत हा विषय काढायचा नाही, असं घरात सगळ्यांनी मिळून ठरवा. ज्याच्या हातून ते घडलं त्याला औषध द्यायचं किंवा भरवायचं काम आवर्जून द्या. हाताला काम असलं की मन थोडं सावरतं.

घरी आणण्याचा दिवस

तातडीचं नसेल तर ऑपरेशन सोमवारी किंवा मंगळवारी करून घ्या. बरेच जण शनिवार-रविवारची सुट्टी मिळावी म्हणून शुक्रवार धरतात. पण पहिल्या तीन-चार दिवसांत मनात दहा शंका येतात आणि रविवारी दवाखाना बंद असतो. रजा घ्या, पण डॉक्टर फोनवर सापडतील अशा दिवसांत घ्या. नोकरीत यासाठी वेगळी रजा नसते, तेव्हा किरकोळ किंवा अर्जित रजेतून चार दिवस मिळाले तर ते घरी आणल्यावरचे चार असू द्या. ऑपरेशनच्या दिवशी तुम्ही नुसते बाकावर बसून असता.

आणि परवडत असेल तर अ‍ॅडमिट ठेवण्याची एक रात्र वाढवून घ्या, पण एक खात्री करून: रात्री तिथे माणूस असतो का? अनेक दवाखान्यांत रात्री कुलूप लागतं. मग पैसे भरून मांजर अंधारात एकटंच राहतं. माणूस असेल तर ती हजार-दीड हजाराची रात्र वसूल होते, कारण शिरेतून मिळणारं वेदनाशामक घरी देता येत नाही.

पहिल्यांदा पाहाल तेव्हा धक्का बसेल. अर्धं अंग भादरलेलं, टाक्यांची लांबलचक रांग, भोवती जांभळे-हिरवे डाग, थोडी सूज. पाय खांद्यापासून किंवा मांडीच्या वरच्या भागातून काढतात, खुंट ठेवत नाहीत, कारण खुंट टेकवायला जाऊन त्याला जखमा होतात. त्यामुळे ती बाजू एकदम सपाट दिसते. घरात लहान मुलं असतील तर दवाखान्यातून फोटो मागवून त्यांना आधी दाखवा. "डॉक्टरांनी दुखरा पाय काढला, तो परत येणार नाही, ती तीन पायांवर चालेल", इतकं सरळ सांगा. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर पचवतात.

पहिल्या दोन-तीन रात्री सर्वांत अवघड. भुलीचा आणि तीव्र वेदनाशामकांचा अंमल असताना मांजर विचित्र आवाज काढतं, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, भिंतीकडे बघत बसतं किंवा गरगर फिरतं. काहींना नसलेल्या पायाच्या जागी एकदम कळ आल्यासारखं होतं आणि ती दचकून मागे बघतात. हे बघवत नाही. डॉक्टरांना फोन करा, औषध बदलता किंवा वाढवता येतं. एका माणसाने सगळ्या रात्री काढू नयेत. दोघं असाल तर रात्र वाटून घ्या: अकरा ते तीन एक, तीन ते सात दुसरा; ज्याची पाळी नाही त्याने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपायचं. एकटे असाल तर बहिणीला, मैत्रिणीला, शेजारच्या काकूंना एका रात्रीसाठी हक्काने बोलवा. मोठ्या शहरांत मांजर सांभाळायला घरी येणारे लोक मिळतात, रात्रीचे साधारण हजारभर रुपये घेतात. मांजराला औषध देण्याची सवय आहे का, ते आधी विचारून घ्या. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात या पैशांइतका सत्कारणी लागणारा दुसरा पैसा नाही.

दुखतंय का, हे कसं ओळखायचं

मनाला सर्वांत जास्त पोखरतं ते हे न कळणं. मांजर दुखणं लपवतं. गुरगुरतं म्हणून खुशीत आहे असं समजू नका, दुखत असतानाही मांजरं गुरगुरतात.

यासाठी एक फार उपयोगी साधन आहे. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यकांनी २०१९ मध्ये मांजराच्या चेहऱ्यावरून वेदना मोजण्याची पद्धत प्रसिद्ध केली. पाच गोष्टी बघायच्या: कान बाजूला वळून पडले आहेत का, डोळे बारीक केले आहेत का, तोंडाचा भाग ताणलेला आहे का, मिशा ताठ होऊन पुढे आल्या आहेत का, आणि डोकं खांद्यांच्या खाली झुकलं आहे का. प्रत्येकाला शून्य, एक किंवा दोन गुण. दहापैकी चार किंवा जास्त आले तर वेदनाशामकाची गरज आहे असं धरतात. मांजर जागं पण शांत असताना, खात किंवा अंग चाटत नसताना, अर्धा मिनिट बघून गुण द्यायचे.

एक कागद फ्रिजवर लावा. वेळ, औषध, किती खाल्लं, शू, शी, चेहऱ्याचे गुण. आमच्या ठमी मांजरीच्या ऑपरेशनच्या वेळी आईने तो कागद दिनदर्शिकेच्या मागे चिकटवला होता आणि दुधाच्या हिशेबासारखा तारीखवार भरला होता. डॉक्टरांनी फोनवर काही विचारलं की ती कागदावरून वाचून दाखवायची, आवाज न कापता. रात्री दोन वाजता "काल याहून वाईट होतं की बरं होतं?" हा प्रश्न पडतो तेव्हा आठवणीवर भरवसा ठेवता येत नाही, कागदावर ठेवता येतो.

घरातलं माणसांचं औषध देऊ नका, अर्धी गोळीसुद्धा नाही. पॅरासिटामॉल म्हणजे क्रोसिन, डोलो वगैरे मांजराला विष आहे, एका गोळीनेही मांजर दगावू शकतं. आयब्युप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांचंही तेच. डॉक्टरांनी लिहून दिलेलं औषध ठरल्या वेळी, ठरल्या मात्रेत, "आज बरी दिसतेय" म्हणून न चुकवता द्या.

दोन धोके मात्र ताबडतोब फोन करण्याचे. चोवीस तास काही खाल्लं नाही किंवा शू केली नाही, तर वाट बघू नका. मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहिलं की यकृतात चरबी साठून जिवावर बेततं. जाड मांजरांना तर जास्तच धोका. आणि तोंड उघडून श्वास घेत असेल, हिरड्या पांढऱ्या पडल्या असतील, टाक्यांतून पू किंवा दुर्गंधी येत असेल तर थेट दवाखाना गाठा. शी मात्र दोन-तीन दिवस झाली नाही तरी घाबरायचं कारण नसतं, पोटात अन्नच कमी गेलेलं असतं आणि औषधांनी आतडी सुस्तावतात.

नंतरचा खर्च, सामानासकट

आता तो बाजूला काढलेला तिसरा हिस्सा. घडीचा लोखंडी पिंजरा, ज्यात लिटर ट्रे, पाण्याची वाटी आणि अंथरूण मावेल इतका, २,००० ते ४,००० रुपये. नवा घेण्याआधी प्राणिमित्र संस्थेला विचारा. बऱ्याच संस्था अनामत घेऊन उसना देतात. गळ्यातली कॉलर ३०० ते ६००. मऊ कापडी कॉलर मांजराला सोसवते, पण लवचीक मांजर तिच्यावरून टाक्यांपर्यंत पोचतं का ते समोर बसून बघा. वेदनाशामक आणि प्रतिजैविकं १,५०० ते २,५००. पुन्हा दाखवण्याच्या दोन-तीन खेपा, रिक्षा-टॅक्सीसह २,५०० च्या आसपास. टाके साधारण दहा ते चौदा दिवसांत निघतात. ओल्या खाण्याची पाकिटं ४० ते ६० रुपयांना एक, दिवसाला तीन धरली तरी पंधरवड्याचे दोन-अडीच हजार. ही चैन नव्हे. ओलं, कोमट, वासाचं खाणं मांजर आधी तोंडात घेतं. उकडलेलं चिकन घातलं तर खर्च निम्म्यावर येतो, फक्त त्यात कांदा-लसूण नको, तोही विषारीच. 

बारीक वाळूचं लिटर काही दिवस बंद ठेवा, ते टाक्यांना चिकटतं. वर्तमानपत्राचे कपटे चालतात, आणि ट्रे खोलगट न ठेवता बुटका ठेवा. स्वयंपाकघरातलं जुनं ताटसुद्धा पुरतं. गुळगुळीत लाद्यांवर तीन पाय घसरतात, म्हणून सतरंज्या, पायपुसणी, जुनी योगा मॅट अंथरा. खिडकीखाली पाट किंवा बुटकं स्टूल ठेवा. गोधड्या घरच्याच घ्या. मांजरासाठी बनवलेल्या गादीपेक्षा आईच्या साडीची गोधडी त्याला ओळखीच्या वासाची असते, आणि ती धुता येते.

काय घेऊ नये तेही सांगते. चाकाच्या गाड्या, कृत्रिम पाय, महागडी हाडांची टॉनिकं. एक पाय गेलेल्या मांजराला यातलं काही लागत नाही. ही खरेदी बहुतेकदा आपल्या अस्वस्थपणापायी होते. तेच पैसे खिडकीच्या जाळीला लावा. नायलॉनची कबुतरांची जाळी स्वस्त पडते पण मांजर ती कुरतडतं, म्हणून धातूची बसवा.

घरात दुसरं मांजर असेल तर ते परत आलेलीवर फिस्कारेल. तिच्या अंगाला दवाखान्याचा वास येत असतो. त्याचं मनाला लावून घेऊ नका, "तीसुद्धा तिला ओळखत नाही" असं वाटून अनेकांना रडू येतं. वेगळ्या खोल्यांत ठेवा, एकीचं पांघरूण दुसरीकडे द्या, हळूहळू निवळतं.

तुमचं काय

साधारण दुसऱ्या आठवड्यात एक विपरीत गोष्ट घडते. मांजर सुधारतं, खाऊ लागतं, पिंजऱ्याबाहेर यायची घाई करतं, आणि माणूस मात्र कोसळतो. आधी धावपळीत जे आत दाबून ठेवलं होतं ते आता वर येतं. मांजराला गेलेल्या पायाचं दुःख आपल्यासारखं नसतं. त्याला त्रास होतो तो दुखण्याचा, अडकून पडण्याचा, वासाचा, कॉलरचा. पायाचं दुःख आपण करतो, आणि ते करायला जागा हवी. 

ठमीचा मागचा उजवा पाय गेला. ती बरी झाल्यावर एकदा उजव्या कानाला खाज आली. मान तिरकी झाली, डोळे मिटले, आणि जिथे पाय नाही त्या कुल्ल्याचे स्नायू भराभर हलू लागले. खाजवण्याची सगळी क्रिया चालू होती, फक्त कानापर्यंत काही पोचत नव्हतं. बघून घशाशी आलं. पण मी बोट लावून खाजवलं तशी ती रेलली, आणि आता तसं झालं की ती स्वतः येऊन कान पुढे करते. पुढचा पाय गेलेलं मांजर त्या बाजूचा गाल पुसू शकत नाही, त्याला ओलं फडकं फिरवावं लागतं. लिटरमधली घाण झाकायला ते नसलेला पाय हलवतं, तेव्हा ती आपण झाकायची. अशी कामं ओळखून घरात वाटून घेतली की रडू येणारा क्षणही हळूहळू रोजचा होतो.

"मांजरच तर आहे", "एवढे पैसे घातले, त्यात..." असं बोलणारे नातेवाईक भेटतील. त्यांना आकडा सांगायची गरज नाही. खरी विचारपूस करणाऱ्याला मात्र "बरं आहे" म्हणून परत पाठवू नका. एखादं काम सांगा, डबा पाठवायला सांगा.

झोप परत आली नाही, जेवण जाईना, पडण्याचा किंवा अपघाताचा क्षण सारखा डोळ्यांपुढे येऊ लागला, किंवा जगण्यातलं लक्षच उडालं, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा. सरकारी, मोफत आणि चोवीस तास चालणारी सेवा आहे, मराठीत बोलता येतं. "माझ्या मांजराचं ऑपरेशन झालंय" एवढं कारण पुरेसं आहे, मोठं कारण शोधू नका. खासगी समुपदेशक एका बैठकीचे ८०० ते २,००० रुपये घेतात. केईएम, ससून अशा सार्वजनिक रुग्णालयांतल्या मानसोपचार विभागात केसपेपरच्या किरकोळ पैशांत तपासतात. आधीच्या यादीत याही एक-दोन बैठकांचे पैसे धरा.

कागदपत्रं आणि तक्रार

एक्स-रे, रक्ताचे अहवाल, भुलीची नोंद, औषधांची चिठ्ठी आणि बिल यांच्या प्रती मागून घ्या. डॉक्टर महाराष्ट्र राज्य पशुवैद्यक परिषदेकडे नोंदणीकृत असतात, चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक असावा. उपचारात हलगर्जी झाली असं वाटलं तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत घ्या. पैसे घेऊन दिलेल्या सेवेबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला दाखल फी नाही. सल्ल्यासाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मात्र रागाच्या पहिल्या भरात तक्रार लिहू नका, मांजर सावरल्यावर लिहा, कारण तोवर तुम्हाला त्याच डॉक्टरांची गरज लागू शकते.

पुढची वर्षं स्वस्त जातात. एकच गोष्ट सांभाळायची: वजन. चार पायांचा भार तीन पायांवर आला आहे, त्यात अर्धा-एक किलो वाढला तर सांधे लवकर झिजतात. खाणं मोजून द्या, महिन्यातून एकदा मांजराला उचलून घरच्या वजनकाट्यावर उभं राहा, स्वतःचं वजन वजा करा आणि आकडा त्याच कागदावर लिहा. लसीच्या वेळी डॉक्टरांना सांध्यांवरून हात फिरवायला सांगा. उरलेल्या पायांची नखं दर दोन-तीन आठवड्यांनी कापा. दवाखान्यात त्याचे शंभर-दोनशे रुपये पडतात, कात्री एकदा घेतली की घरीच होतं.